खांबेटे मास्तरांची समुद्रवही आणि माझा अंगठा

गौरवसमितीच्या चिटणिसांनी मला बजावले आहे की, लेख मोठा नसावा, सुरुवात प्रथम परिचयापासून करावी आणि शेवटी दीर्घायुष्य चिंतावे. मधे काय लिहायचे ते मात्र त्यांनी सांगितले नाही, आणि माझी सारी पंचाईत त्या मधल्या भागातच आहे. आपणां सर्वांचे आवडते शिक्षक श्री. नारायण गोविंद खांबेटे, म्हणजेच खांबेटे मास्तर, यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि आता त्यांच्याच शेजारच्या वर्गात इंग्रजी शिकवतो. इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाविषयी लिहिणे सोपे जायला हवे होते. पण आतापर्यंत तीनदा कागद फाडून झाले आहेत. मास्तरांचा गौरव करावा की माझा गुन्हा कबूल करावा, हेच मला ठरवता येत नव्हते. शेवटी दोन्ही करायचे ठरवले आहे. वाचकांनी गोंधळून जाऊ नये. गोंधळायचे काम मी एकटा पुरेसे करतो आहे.

तर प्रथम परिचय. मी चिपळूणकडच्या एका खेड्यातून काकांकडे शिकायला म्हणून रत्नागिरीस आलो, त्याला पंधराएक वर्षे होतील. समुद्र पाहून मला जेमतेम आठवडा झाला होता. मास्तर वर्गात आले, खडू उचलला आणि त्यांनी मलाच उभे केले.

"सी म्हणजे काय रे?"

"समुद्र," मी म्हणालो. एवढे मला येत होते.

"छान. आता हे वाच." त्यांनी फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिले, ‘द शिप शिप्ड अ हेवी सी’. मी मनातल्या मनात एकेका शब्दाचा अर्थ लावला आणि धीर करून सांगितले, "जहाजाने एक वजनदार समुद्र जहाजात भरून पाठवला."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी अगदी मनापासून विचारले, "किती वजनदार असेल?"

"मण-दोन मण," मी म्हणालो.

"बरं. हे खरं की खोटं, कुणाला विचारायचं?"

"कोशाला."

"कोश कधी बोटीत बसलाय का?"

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर आम्हां पाच-सहा जणांना घेऊन मांडवीच्या बंदरावर गेले. तिथे हसनमियाँ तांडेल जाळे विणत बसले होते. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य; हसनमियाँ राजिवड्याचे राहणारे आणि मुंबईपासून कारवारपर्यंतचा किनारा त्यांना तोंडपाठ. मास्तरांनी त्यांना वाक्याचा अर्थ विचारला, आणि माझे मण-दोन मणही सांगून टाकले.

"लाट हो मास्तर, लाट," हसनमियाँ म्हणाले. "लाट जवा बोटीच्या आत पडते ना, तवा ती येकलीच आख्खा दर्या असते. मानूस कमरेतनं मोडतो. आनि ह्यो पोरगा मण-दोन मण काय सांगतो?"

म्हणजे कालपर्यंत समुद्र एकच होता, आता प्रत्येक लाट हाही एकेक समुद्र झाला. मी परत येताना मास्तरांना विचारले की इंग्रजांनी एवढा घोळ कशाला घातला. मास्तर म्हणाले, "त्यांना समुद्र आपल्यापेक्षा जास्त लागतो रे. आपण काठावर बसून एकाच शब्दात भागवतो." मला ते पटले की नाही, ते अजून सांगता येत नाही.

त्या दिवशीचा अर्थ मास्तरांनी कागदावर लिहिला आणि त्याखाली हसनमियाँचा अंगठा घेतला. पुढे जिला सगळे गाव ‘समुद्रवही’ म्हणू लागले, तिचे हे पहिले पान. पद्धत अशी होती. डब्यात चिठ्ठ्या असत. प्रत्येक चिठ्ठीवर सी या शब्दाचा एकेक इंग्रजी प्रयोग. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने एक कागद घेऊन बंदरावर जायचे, ज्याने ती गोष्ट डोळ्यांनी पाहिली आहे असा माणूस शोधायचा, त्याच्याकडून अर्थ समजून घ्यायचा आणि कागदावर त्याची सही किंवा अंगठा आणायचा. दुसऱ्या दिवशी मास्तर आमच्या तोंडून अर्थ ऐकत आणि स्वतःच्या अक्षरात तो कागदावर उतरवत. शब्द, अर्थ, साक्षीदाराचे नाव आणि अंगठा. साक्षीदाराशिवाय अर्थ नाही, हा नियम. अर्थ आणणाऱ्या मुलाचे नाव मात्र कुठेही नसे. एकाने त्याबद्दल कुरकुर केली तेव्हा मास्तर म्हणाले होते, "टपालवाल्याचं नाव पत्रात असतं का?" हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. माझा सारा गुन्हा त्याच्या आडोशाला वाढला आहे.

वही कशी भरत गेली, हे सांगावे तेवढे थोडे. ‘हाय सीज’ म्हणजे उंच लाटा असणार, अशी आमची खात्री होती. पण झांजिबारपर्यंत जाऊन आलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितले की किनारा दिसेनासा झाला, की पुढे पाणी कुणाचेच नसते, तिथे कुणाचा पोलीस येत नाही, तेच ते. ‘सी लेग्ज’ म्हणजे समुद्राचे पाय, हे ऐकून तर आम्ही हात टेकले होते. तेव्हा एका खलाशाने आम्हांला नुसते बंदरावरून चालून दाखवले. महिनाभर बोटीवर राहिलेला तो माणूस जमिनीवर झोकांड्या खात होता, आणि बोटीच्या फळीवर चढताच अगदी सरळ चालू लागला. ‘हाफ सीज ओव्हर’ म्हणजे दारू चढलेला. याला साक्षीदार मिळेना. पाहिलेले सगळेच होते, पण अंगठा द्यायला कुणी पुढे येईना. शेवटी एकाने दिला, पण नाव लिहायचे नाही या अटीवर. वहीत त्या ठिकाणी ‘एक सज्जन’ एवढेच आहे.

आणि ‘ॲट सी’. समुद्रावर असणे म्हणजे इंग्रजीत गोंधळून जाणेही होते, हे मास्तरांनी हसनमियाँना सांगितले, तेव्हा मी तिथे होतो. त्यांनी जाळे बाजूला ठेवले.

"कोन बोल्ला असं?"

"इंग्रज म्हणतात."

"मंग तो इंग्रज बोटीत झोपून आला असंल. दर्यावर मानूस गोंधळत नाय, मास्तर. गोंधळला तर परत येत नाय. गोंधळ हाय तो हितं, बंदरावर. कुणाचं ऐकायचं, कुणापासून काय लपवायचं." त्यांनी अंगठा द्यायला साफ नकार दिला. दुसरे तांडेलही तेच म्हणाले. मास्तरांनी ते पान फाडले नाही. शब्द लिहिला, अर्थ लिहिला, खाली ‘साक्षीदार मिळाला नाही’ असे लिहिले आणि अंगठ्याची जागा कोरी ठेवली.

मास्तरांच्या मूल्यांविषयी लिहावे, असेही चिटणीस म्हणाले होते. मास्तर मूल्यांविषयी कधी बोलल्याचे मला आठवत नाही. ते राजिवड्याच्या मुसलमान मोहल्ल्यात जात, हसनमियाँच्या ओटीवर वहाणा काढून बसत आणि दिलेला चहा पीत. त्या दिवसांत ही साधी गोष्ट नव्हती. गावात कुजबूज झाली. देवळात एका प्रतिष्ठित गृहस्थांनी त्यांना चारचौघांत विचारले, तेव्हा मास्तर म्हणाले, "पाण्याविषयी विचारायला गेलो होतो. पाण्याला न शिवता कसा परत येऊ?" मास्तरांनी प्रदक्षिणा पुरी केली आणि घरी गेले.

त्यांच्या शिकवण्याने नुकसानही झाले आहे, आणि गौरवग्रंथात असले तरी ते मी लपवणार नाही. एकदा इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. त्यांनी सहज म्हणून सी या शब्दाचा अर्थ विचारला. एकेक मुलगा उठून वेगळाच अर्थ सांगू लागला, आणि प्रत्येक जण वर साक्षीदाराचे नावही सांगत होता. सातव्या-आठव्या मुलानंतर साहेबांनी खुर्चीवर बसून घेतले आणि पाणी मागितले. मीही पहिल्या खेपेस मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झालो. पेपरात एका अर्थाला जागा होती आणि मी पाच लिहून आलो होतो. काकांनी माझे पुस्तकांचे बोचके अंगणात टाकले आणि गावी जाऊन भात लावायला सांगितले. संध्याकाळी मास्तर स्वतः घरी आले. काकांपुढे, माझ्या बापाच्या वयाचा तो माणूस, हात जोडून म्हणाला, "चूक माझी आहे. याला एक अर्थ सांगून थांबायचं मला जमलं नाही. वर्षभर याला रोज माझ्याकडे पाठवा." त्या वर्षभरात मी एकही दिवस चुकलो नाही, आणि पास झालो. आज मी जो कोणी आहे तो त्या संध्याकाळमुळे आहे. हे लिहिताना मला भरून येते, आणि त्याच वेळी शरमही वाटते, कारण हात जोडणाऱ्या त्या माणसाला मी त्याच्याही आधी फसवलेले होते.

आता गुन्हा.

इंग्रजी पाचवीत, म्हणजे मॅट्रिकच्या दोन वर्षे आधी, माझ्या चिठ्ठीत ‘क्रॉस सी’ आले. शाळेतल्या लहानशा कोशात तो शब्द नव्हता, म्हणजे बंदर गाठणे भागच होते. हसनमियाँची बोट त्या दिवशी राजिवड्याला लागलेली होती. पण आदल्याच दिवशी मला कुणीतरी तिथे पाहून काकांच्या कानांवर घातले होते, आणि काकांनी ठणकावले होते, "पुन्हा त्या मोहल्ल्यात दिसलास तर विहिरीवर आंघोळ करून पडवीत झोपायचं. घरात पाय ठेवायचा नाही." मास्तरांचा नियम एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. मी मांडवीच्या वाळूत सुरूच्या झाडांखाली कागद आणि दौत घेऊन बसलो आणि बराच वेळ रडलो. मग हसनमियाँच्या नावाने आपणच अंगठा उठवायचा, असे ठरवले.

पण माझा अंगठा लहान. हसनमियाँचा अंगठा मी जवळून पाहिला होता. रुंद, चपटा, दोरखंड ओढून ओढून गुळगुळीत झालेला. माझा अंगठा त्याच्या नावाखाली कुणालाही खोटा वाटला असता. तेव्हा मी उजव्या पायाच्या अंगठ्याला शाई लावली आणि तो कागदावर टेकवला. ठसा फार उत्तम उठला. शाई मात्र निघेना. वाळूने घासली तर आणखीच पसरली आणि घोट्यापर्यंत निळा झालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी पाय दाखवून करून घेतले. तेव्हा शाळेत आम्ही सगळे अनवाणीच जात असू.

सकाळी मास्तरांनी विचारले, "काय म्हणाले हसनमियाँ?"

"ओलांडायला फार कठीण असा समुद्र," मी ठोकून दिले.

"वा!" मास्तर खूश झाले. त्यांनी ते सुंदर अक्षरात उतरवले, ठसा पाहिला, कागद वहीत ठेवला. मग त्यांची नजर खाली गेली. "पाय धू आणि वर्गात ये," एवढेच म्हणाले.

त्यांनी शाई पाहिली होती की चिखल? त्यांना कळले होते की नाही? चोराच्या मनात चांदणे. पुढची सगळी वर्षे मी या एका वाक्याचा अर्थ लावत बसलो आणि त्याला साक्षीदार कुठून आणायचा हे मला कळेना. ते प्रेमाने बोलले की मला वाटे, त्यांना माहीत नाही. ते गप्प बसले की वाटे, त्यांना माहीत आहे. कॉलेजात असताना मोठ्या कोशात मी खरा अर्थ पाहिला. माझ्या अर्थाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मास्तरांना पत्र लिहिले, टाकले नाही. दुसरे लिहिले, तेही टाकले नाही. मग मी याच शाळेत शिक्षक झालो, आणि आमच्याकडे समुद्रवहीवरूनच शिकवण्याचा प्रघात. वर्षातून एकदा ते पान येई, आणि माझे खोटे मीच माझ्या तोंडाने चाळीस मुलांना शिकवी. मुले ते लिहून घेत. त्या दिवशी मला जेवण जात नसे.

यंदा मास्तरांची साठी आली. समितीने ठरवले की गौरवग्रंथाबरोबर समुद्रवहीही छापायची. इतक्या वर्षांची मेहनत, असे पुस्तक दुसऱ्या कुणाकडे नाही, सगळ्यांना आनंद झाला. फक्त मास्तर नाही म्हणाले. का, ते सांगेनात. कुणी म्हणाले, विनय आहे. कुणी म्हणाले, अजून शब्द भरायचे असतील. कुणी म्हणाले, साठी झाली, दुसरे काय! समितीने मला त्यांचे मन वळवायला पाठवले. मी जात असताना माझ्या मनात एकच होते की मास्तरांनी माझ्या एका अंगठ्यापायी वही दाबून ठेवली आहे, आणि छापली तर माझे खोटे गावभर होईल, नाही छापली तर त्यांचे आयुष्य वाया जाईल. यातले मला काय हवे होते, ते तेव्हा विचारले असते तर सांगता आले नसते.

रविवारची सकाळ होती. मास्तर पडवीत झोपाळ्यावर बसले होते. मी समितीचा निरोप सांगायला तोंड उघडले आणि भलतेच बोललो.

"मास्तर, क्रॉस सीचा अंगठा हसनमियाँचा नाही. माझा आहे. तोही हाताचा नाही, पायाचा आहे."

मास्तरांनी झोपाळा थांबवला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मग आत बघून हाक मारली, "अगं, ऐकलंस का?"

काकू, म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती, दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मास्तरांना विचारले, "हाही का?"

"हाही. क्रॉस सी."

"म्हणजे सातवा," काकू म्हणाल्या. "बस हो सदू. आमसुलाचं सरबत आणते. आधीच्या सगळ्यांना दिलं, तुला कसं सोडू?"

मला काही समजेना. आधीचे कोण? मास्तरांनी वहीच्या पुठ्ठ्यातून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर सहा शब्द लिहिले होते. तीन वर्षांपूर्वी मुंबईहून त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले होते. त्याने कळवले होते की ‘रफ सी’चा अंगठा त्याने घरी बसून उठवला होता, स्वतःच्या पायाचा. मग दिवाळीत आलेल्या एकाने सांगितले. मग आणखी एकाने. कुणी ऊन होते म्हणून, कुणी क्रिकेट होते म्हणून, आणि बहुतेक जण घरच्यांच्या भीतीने, माझ्यासारखेच.

"पायाचाच?" मी विचारले.

"पाच जणांचा पायाचा. हाताचा लहान दिसेल, हे शिंच्यांनो, तुम्हां प्रत्येकाला वेगवेगळं सुचलं!" मास्तर हसू लागले आणि हसता हसता थांबले. "तोवर मला वाटायचं, पोरं शाईत खेळतात. वर्षानुवर्षं मी तुम्हांला पाय धुवायला सांगत होतो रे सदू. मला खरंच कळलं नव्हतं."

इतकी वर्षे मी ज्या वाक्याला भीत होतो, त्यात काहीही नव्हते. याने हायसे वाटायला हवे होते. पण मास्तरांचा चेहरा पाहून मला रडू आले. त्यांना माहीत असते तर बरे झाले असते, असे वाटले. त्यांनी ज्यांच्यावर विश्वास ठेवला होता ते असे एकेक करून दारात येत होते, आणि काकू त्यांना सरबत देत होत्या.

"हसनमियाँना विचारलंत का?" मी म्हणालो. "त्यांच्या नावावरचे तेच सांगतील."

"विचारलं. ते म्हणाले, मास्तरांनी लिवलंय मंजे मी बोल्लो असन. सगळ्या पानांना हो म्हणाले. क्रॉस सीलासुद्धा. एवढा सच्चा माणूस माझ्यापायी खोटी साक्ष द्यायला तयार झाला, म्हणून मी विचारणंच सोडलं. बाकीचे साक्षीदार कुणी वारले, कुणी आफ्रिकेकडे गेले. ठशावरून मला हात-पाय ओळखता येत नाही. कुणी काय आणलं तेही आठवत नाही. नावं लिहायची नाहीत, ही माझीच अक्कल." त्यांनी वही मांडीवर घेतली. "मग कशी छापू? यातलं खरं किती, ते मलाच ठाऊक नाही."

मी विचारले, "आता काय करायचं?"

मास्तर उठले, वही काखेत मारली आणि त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. "आता राजिवड्याला जायचं. तुला तेव्हा जायचं होतं तिथेच."

भर सकाळी, उघड्या रस्त्याने, काकांच्या दारावरून मी मास्तरांबरोबर चालत गेलो. काका अंगणात उभे होते. ते आता थकले आहेत. त्यांनी विचारले, "कुठे रे?" मी म्हणालो, "हसनमियाँकडे." त्यांनी नुसती मान वळवली. एवढे सोपे होते का ते, आणि तेव्हाही असते का, हे मला सांगता येत नाही.

हसनमियाँ ओटीवर बसले होते. आता ते बोटीवर जात नाहीत, पण बोटे जाळ्यावर चालूच असतात. मी त्यांना माझा अपराध सांगितला. त्यांनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरून पाहिला.

"माजा अंगठा तुज्या पायायेवडा वाटला तुला?" आणि ते इतके हसले की आतून त्यांची सून पाहायला आली. मग त्यांनी क्रॉस सी म्हणजे काय ते सांगितले. शब्द त्यांना ठाऊक नव्हता. मी कोशातला अर्थ मराठीत सांगितला आणि त्यांनी लगेच मान हलवली. "हां, हां. वारा फिरतो बग. जुनी लाट तिकडनं येतच असते, नवी हिकडनं येते. दोघी कातरीगत येकमेकींत शिरतात. नाळ येकीकडं धरावी तर दुसरी कुशीत मारते." नाळ म्हणजे बोटीचे पुढचे टोक.

"मग तेव्हा तरी गोंधळायला होत असेल," मी म्हणालो.

"तवा येळ कुटं असतो गोंधळायला? घरी आल्यावर गोंधळतो."

मी मास्तरांच्या घरून आणलेली दौत पुढे केली. माझ्या कागदाच्या शेजारी नवा कागद ठेवला आणि हसनमियाँनी त्यावर अंगठा उठवला. खरोखरच तो माझ्या पायाएवढा नाही. मास्तरांनी माझे जुने पान फाडावे, असे मला वाटत होते. त्यांनी ते ठेवले. माझ्या खोट्या अर्थाखाली त्यांनी लिहिले, ‘हा अर्थ सदाशिवाचा. खरा पुढच्या पानावर.’ मग पाने मागे उलटून ते ‘ॲट सी’पाशी आले. अंगठ्याची जागा अजून कोरी होती.

"दर्यावरचा साक्षीदार मिळाला नाही, ते बरोबरच होतं," मास्तर म्हणाले. "हसनमियाँ तेव्हाच म्हणाले होते, गोंधळ बंदरावर असतो. तू बंदरावर इतकी वर्षं गोंधळात काढलीस. कर अंगठा. हाताचा."

मी केला. हसनमियाँनी तो नीट पाहिला आणि आता खरा आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन चाळीस मुलांना सांगितले की क्रॉस सीचा मी शिकवलेला अर्थ खोटा होता आणि तो मीच बनवला होता. शाळेत मला मान राहील की नाही, याची मला काळजी होती. मुलांनी फक्त एवढेच विचारले की शाई निघायला किती दिवस लागले.

समितीला मी कळवले आहे की समुद्रवही या ग्रंथाबरोबर छापता येणार नाही. मास्तरांची अट साधी आहे. ज्यांनी ज्यांनी खोटे अंगठे आणले त्यांनी येऊन सांगावे, आणि जमल्यास खरा साक्षीदार घेऊन यावे. मग वही छापू. मास्तरांच्या हाताखालून गेलेले हा ग्रंथ वाचतील, म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे. मुंबईत कारकून झालात, पुण्यास वकील झालात, आफ्रिकेत दुकान काढलेत, तरी तुमचा पायाचा अंगठा रत्नागिरीत आहे. मास्तर रागावत नाहीत. काकू सरबत देतात. मी स्वतः अनुभवले आहे.

शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे. चिटणिसांना वाटत असेल, ते मी शिरस्त्याप्रमाणे चिंतीन. पण माझे त्यात काम अडले आहे. वहीत अजून किती खोटे अंगठे आहेत, ते कुणालाच ठाऊक नाही, आणि तो प्रत्येक अंगठा दारात येईपर्यंत आदरणीय खांबेटे मास्तरांनी धडधाकट प्रकृतीने, शाबूत डोळ्यांनी, त्या झोपाळ्यावर बसून असले पाहिजे. म्हणून माझ्या सर्व गुरुबंधूंना विनंती आहे की त्यांनी लवकर यावे. फक्त सर्वांत शेवटचा जो कोणी असेल, त्याने कृपा करून अगदी सावकाश यावे.